वडलांचा रिपोर्ट नॉर्मल, तरी मुलीला थॅलेसेमिया: तासगाव तालुक्यातली एक केस

मुलगी सहा वर्षांची, तासगाव तालुक्यातल्या द्राक्षबागायतदार घरातली. हिमोग्लोबिन ७.४, एमसीव्ही (लाल पेशीचा सरासरी आकार) ६४, दोन्ही कमी, डाव्या बरगडीखाली प्लीहा तीन बोटं हाताला लागते, गालाची हाडं किंचित पुढं आलेली, उंची वयाच्या मानानं कमी. तीनेक वर्षांची असल्यापासून खेळताना दमते, तोंड पांढरं पडतं म्हणून बऱ्याच ठिकाणी दाखवून झालेलं आणि जिथं जाईल तिथं लोहाचं औषध मिळालेलं. फेरिटिन, म्हणजे अंगातला लोहाचा साठा दाखवणारी टेस्ट, कुणी केलंच नव्हतं, केलं तेव्हा ३१० आलं, म्हणजे अंगात लोह कमी नाहीच, उलट जास्त. एकदा तापात हिमोग्लोबिन साडेपाचवर उतरलं तेव्हा एक पिशवी रक्त चढवलेलं, त्याला चार महिने उलटून गेल्यावरच आम्ही एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजायची टेस्ट) केली, कारण दुसऱ्याचं रक्त अंगात असताना ही टेस्ट केली की आकडे फसवे येतात. एचबी एफ (गर्भातलं हिमोग्लोबिन, अल्फा आणि गॅमा साखळ्यांचं) ३६ टक्के, एचबी ए२ (अल्फा आणि डेल्टाचं) ५.२ टक्के, उरलेलं एचबी ए (अल्फा आणि बीटाचं, मोठ्या माणसातलं नेहमीचं). दर तीन आठवड्याला रक्त लागतं तसली मेजर केस नाही पण नुसती ट्रेटही (दोनातला एकच जीन बिघडलेला) नाही, मधली, थॅलेसेमिया इंटरमीडिया. थॅलेसेमिया म्हणजे हिमोग्लोबिनची एखादी साखळी जन्मतःच कमी बनणं.

मी मिरजेत रक्ततपासणीच्या लॅबमध्ये काम करते, एचपीएलसीचे ग्राफ आणि डीएनए रिपोर्ट बघणं हे रोजचंच काम, त्यामुळे इथपर्यंत नवीन काही नव्हतं. गाठ पुढं आहे.

आईचं हिमोग्लोबिन १०.३, एमसीव्ही ६३, एचबी ए२ ५.६, म्हणजे सरळसरळ बीटा थॅलेसेमिया ट्रेट. वडलांचं हिमोग्लोबिन १४.६, एमसीव्ही ८१, एचबी ए२ ३.२, फेरिटिन व्यवस्थित. आमच्याकडं ३.५ च्या खाली ए२ असलं की नॉर्मल धरतात, तसा आधीच्या एका ठिकाणचा छापील रिपोर्टही त्यांच्याकडं होता, त्यावर मोठ्या अक्षरात नॉर्मल लिहिलेलं. आणि त्या एका शब्दानं घरात जे व्हायचं ते झालं. दोष सुनेचा ठरला. ही सून नवऱ्याच्या मामाची मुलगी, म्हणजे सासू तिची सख्खी आत्या, लहानपणापासून लाड केलेली आत्या, पण घरात आजारी नात असली की माणसं वेगळीच बोलायला लागतात. काही पाहुणे म्हणायचे नात्यात केलं म्हणून असं झालं. आणि काहीजण आणखी एक गोष्ट कुजबुजत होते, ती मी इथं लिहीत नाही, वाचणाऱ्याला कळेलच. त्या सुनेनं हे सगळं मला सांगितलं नाही, तिच्याबरोबर आलेल्या चुलत सासऱ्यांनी लॅबमध्ये विचारलं, "म्याडम, आजार आई-बाप दोघांकडनं येतोय म्हणता, मग बापात न्हाय तर पोरीत आलं कुठनं?"

प्रश्न एकदम बरोबर आहे. एकाच बाजूचा बिघडलेला बीटा जीन आला असता तर मुलगी आईसारखीच राहिली असती, ए२ वाढलेलं, थोडा ॲनिमिया आणि बस. प्लीहा वाढणं, हाडं पुढं येणं हे एका जीननं होत नाही. म्हणजे दुसरं काहीतरी आहे आणि ते बहुतेक वडलांकडून आलंय, फक्त ए२ च्या आकड्यात दिसत नाहीये.

असं लपून राहायच्या वाटा तशा मोजक्याच. एक म्हणजे लोहाची कमतरता, त्यात ए२ खाली येतं, पण यांचं फेरिटिन चांगलं होतं. दुसरी, डेल्टा जीनमध्ये वेगळा बिघाड असला तर बीटाचा दोष असूनही ए२ वाढत नाही, पण मग एमसीव्ही चांगलाच खाली असता. तिसरी, अल्फा जीन जास्तीचा असणं. माणसात १६ नंबरच्या क्रोमोसोमवर एका बाजूला दोन अल्फा जीन असतात, काहींमध्ये तीन असतात, त्या माणसाला स्वतःला काही होत नाही पण मुलाला दुसरीकडून बीटा ट्रेट मिळाली तर अल्फा आणि बीटाचं गणित आणखी बिघडतं आणि इंटरमीडिया होतो. माझा पहिला संशय यावरच होता. मुलीची अल्फा ट्रिप्लिकेशनची टेस्ट केली, निगेटिव्ह आली. चौथी वाट फार कमी दिसते पण विषय कळायला तीच सगळ्यात चांगली, तिच्यावर खाली येते.

उरला बीटा जीनमधलाच एखादा हलका बिघाड, मग डीएनए. आपल्याकडं नेहमीच्या पाच सहा म्युटेशनचं, म्हणजे जीनमधल्या बदलांचं, पॅनल लावतात, एआरएमएस पीसीआर नावाच्या पद्धतीनं. आईत आयव्हीएस-१-५ सापडलं, भारतात सगळ्यात जास्त दिसणारं तेच. मुलीतही ते एका बाजूला सापडलं. वडलांमध्ये पॅनलमधलं काहीच नाही. बऱ्याच केसेस इथं येऊन थांबतात, पॅनल निगेटिव्ह म्हणजे माणूस मोकळा असं धरलं जातं, आणि माझं म्हणणं नेमकं याच्याच विरोधात आहे. पॅनल निगेटिव्ह म्हणजे ती पाच सहा ठिकाणं बरोबर आहेत एवढंच. म्हणून अख्खा बीटा जीन सिक्वेन्सिंगला मुंबईला पाठवला आणि पाठवताना मुद्दाम लिहिलं की प्रमोटरपासून, म्हणजे जीन सुरू व्हायच्या आधीच्या भागापासून वाचा, कारण काही ठिकाणी प्रायमर (वाचन सुरू करणारे छोटे तुकडे) असे लावलेले असतात की वाचन प्रोटीनच्या भागापासूनच सुरू होतं आणि त्याच्या आधीचं काही दिसतच नाही.

रिपोर्ट आला. वडलांच्या एका बीटा जीनमध्ये, जिथून आरएनए लिहायला सुरुवात होते ते अगदी पहिलं अक्षर, +१, तिथं ए च्या जागी सी. याला कॅप साइट म्युटेशन म्हणतात, १९८० च्या दशकातच भारतीय वंशाच्या माणसात सापडलेलं. मुलीमध्ये दोन्ही, एका जीनवर आईचं आयव्हीएस-१-५, दुसऱ्यावर वडलांचं +१. जी कुजबुज चालली होती तिचंही उत्तर याच कागदात आलं, वेगळी कसली टेस्ट करायची गरज पडली नाही.

आता हे एक अक्षर करतं काय. बीटा जीन तसा लहान, साधारण १६०० अक्षरांचा, त्यातून १४६ अमिनो आम्लांची साखळी बनते. +१ च्या बदलानं या साखळीत काहीही बदलत नाही, प्रोटीनचा मजकूर सुरू होतो तो याच्या ५० अक्षरं पुढं. म्हणजे वडलांच्या त्या जीनमधून निघणारी प्रत्येक बीटा साखळी शंभर टक्के निरोगी आहे. फक्त ती कमी निघते. बदल ट्रान्सक्रिप्शनमध्ये आहे, जीनवरून आरएनएची नक्कल किती वेळा काढली जाते त्यात. आईचं म्युटेशन बरोबर याच्या उलट आहे, तिथं नकला भरपूर निघतात पण पहिल्या इंट्रॉनच्या (आरएनएमधून कापून टाकायच्या भागाच्या) तोंडाशी पाचव्या अक्षरावर जी चा सी झाल्यामुळं आरएनए कापून जोडायची जागा चुकते आणि बहुतेक नकला वाया जातात. एकीकडं कमी पण सगळा खरा माल, दुसरीकडं भरपूर पण बहुतेक खराब, आणि या दोन्हींवर त्या मुलीचं रक्त चाललंय.

जीनच्या सुरुवातीआधीचा भाग म्हणजे प्रमोटर, तिथल्या जागा आकड्यांनी ओळखतात. उणे १०५ आणि उणे ९० च्या आसपास सीएसीसीसी असे दोन बॉक्स, त्यावर केएलएफ१ नावाचं प्रोटीन बसतं, हे १९९३ मध्ये सापडलं आणि ते जवळपास फक्त लाल पेशींच्या वंशातच असतं. उणे ७५ ला सीसीएएटी बॉक्स, उणे ३० ला टाटा बॉक्स, आणि मग +१ चा इनिशिएटर. टाटा आणि इनिशिएटर या दोन जागांवर टीएफआयआयडी नावाची टोळी बसते, तिच्या जोरावर आरएनए पॉलिमरेज नेमक्या जागी बसून सुरुवात करतं. +१ चं ए गेलं की पकड ढिली होते, बंद पडत नाही. हाच फरक वरच्या जागांवर पडला तर जास्त दिसतो, उदाहरणार्थ उणे ८८ ला सी चा टी होणं, हेही आपल्या भारतीयांत सापडतं, ते थेट केएलएफ१ च्या बैठकीवर घाव घालतं म्हणून तिथं ट्रेट नेहमीच्या तपासणीत पकडली जाते. आणि डेल्टा जीनचा प्रमोटर बघा, त्याच्याकडं धड सीएसीसीसी बॉक्सच नाही, म्हणून तर निरोगी माणसातही एचबी ए२ दोन अडीच तीन टक्केच असतं. ज्या आकड्यावर आपण अख्खं स्क्रीनिंग चालवतो तो आकडा मुळात एका अशक्त प्रमोटरचा आहे, हे मला दरवेळी विलक्षण वाटतं.

पण नुसत्या प्रमोटरवर हे जीन चालत नाहीत. ११ नंबरच्या क्रोमोसोमवर बीटाची वस्ती ओळीत आहे, एप्सिलॉन, मग दोन गॅमा, मग डेल्टा, शेवटी बीटा, आणि गंमत अशी की वयात चालू व्हायचा क्रमही तोच. गर्भाच्या पहिल्या काही आठवड्यांत एप्सिलॉन, मग यकृतात गॅमा, जन्माच्या आसपास अस्थिमज्जेत बीटा. म्हणून बीटा थॅलेसेमियाची मुलं जन्मतः गुटगुटीत असतात आणि सहा महिन्यांनंतर पांढरी पडायला लागतात. या सगळ्यांच्या वरच्या बाजूला, बीटापासून साधारण ५० हजार अक्षरं लांब, एलसीआर म्हणजे लोकस कंट्रोल रीजन आहे. शेतात पाटाचं पाणी एकच असतं आणि आपण दारं धरतो, एक वाफा भरला की तिथलं दार बंद करून पुढच्या वाफ्याचं फोडतो, तसा एलसीआर एका क्षणी एकाच जीनकडं वळलेला असतो. हे वळणं खरोखरचं असतं, डीएनएची कमान वाकून एलसीआर त्या प्रमोटरला येऊन भिडतो, आणि ती कमान गाटा१, टाल१, एलएमओ२, एलडीबी१ या प्रोटीन्सनी धरून ठेवलेली असते. २०१२ मध्ये तर एलडीबी१ चा तुकडा मुद्दाम बीटा प्रमोटरवर नेऊन बसवला आणि नुसती कमान जुळवल्यानं जीन चालू करून दाखवला.

वर चौथी वाट म्हटलं होतं ती हीच. १९८३ मध्ये एका डच कुटुंबात बीटा जीन अक्षर न् अक्षर शाबूत असूनही पूर्ण बंद सापडला, कारण वरचा लांबलचक तुकडा गळालेला होता, त्यात काय होतं ते पुढं १९८७ पर्यंत स्पष्ट झालं, एलसीआर. अशा माणसांचंही ए२ नॉर्मल असतं. आपल्या केसमध्ये वडलांचा एमसीव्ही ८१ म्हणजे एक बाजू पूर्ण बंद असणं शक्य नव्हतं, म्हणून ही शंका मी मागं ठेवली.

मग वडलांचं ए२ वाढलं का नाही? नेहमीच्या ट्रेटमध्ये बीटा साखळ्या निम्म्यावर येतात, अल्फाला जोडीदार कमी पडतो, डेल्टाला संधी मिळते, ए२ चा टक्का वर जातो. बीटाचा प्रमोटरच गळालेला असेल तर ए२ ६.५ च्याही वर जातं, तिथं एलसीआरचं पाणी वळवून घ्यायला बीटाचं दारच नसतं, ते डेल्टा आणि गॅमाकडं जातं. कॅप साइटच्या केसमध्ये सीएसीसीसी शाबूत, सीसीएएटी शाबूत, केएलएफ१ नीट बसतंय, एलसीआर नेहमीसारखा येऊन भिडतोय, फक्त शेवटच्या पायरीवर नकला थोड्या कमी पडतात आणि दुसरा बीटा जीन पूर्ण ताकदीनं चालू आहे. एवढ्याशा घटीनं ए२ हलत नाही. म्हणून याला सायलेंट म्हणतात आणि म्हणून स्क्रीनिंगच्या जाळीतून तो निसटतो. त्या माणसापुरता तो निरुपद्रवीच आहे, सुनेचे सासरे वयाच्या साठीनंतरही रोज बागेत राबतात आणि त्यांच्यातही हेच +१ निघालं. प्रश्न तेव्हाच येतो जेव्हा समोरून आयव्हीएस-१-५ सारखं जड म्युटेशन येऊन जुळतं.

त्या कुटुंबाला बोलावलं तेव्हा सगळ्यांचेच रिपोर्ट हातात होते. वडलांचं +१ सासऱ्यांकडून आलेलं. आईचं आयव्हीएस-१-५ तिच्या आईकडून, म्हणजे मामीकडून, तीही दुसऱ्या घराण्यातून आलेली. मामा आणि आत्या, ज्या भाऊबहिणीच्या रक्तामुळं हे नात्यातलं लग्न होतं, ते दोघंही दोन्ही म्युटेशनपासून मोकळे. मी कागदावर झाड काढून दाखवलं. नात्यातल्या लग्नात धोका असतो तो एकाच पूर्वजाचं एकच म्युटेशन दोन्ही वाटांनी मुलात येण्याचा, इथं दोन वेगळी म्युटेशन आहेत आणि दोन्ही बाहेरून लग्न करून आलेल्या माणसांची. नात्यातल्या लग्नाला मी सर्टिफिकेट देत नाहीये, पण या घरात ते कारण नव्हतं हे ठामपणे सांगणं भाग होतं. आत्या बराच वेळ कागदाकडं बघत राहिल्या, मग सुनेला म्हणाल्या, "बाई, तुला लई ऐकवलं बघ आम्ही." सुनेनं काही उत्तर दिलं नाही, फक्त विचारलं की आता मुलीचं काय करायचं.

मुलीचं लोह बंद, फॉलिक ॲसिड चालू आणि रक्तविकारतज्ज्ञांनी एचबी एफ वाढवणारं हायड्रॉक्सियुरिया सुरू केलं. तिच्या गॅमा जीनच्या आधी उणे १५८ ला एक्सएमएन१ नावाचा जो बदल असतो तो एका बाजूला होता, त्यानं गरज पडेल तेव्हा गॅमा जास्त चालतो. मूळ ३६ टक्के एचबी एफ मध्ये त्याचा वाटा असणार, बाकी वाटा साध्या जगण्याचा, ज्या पेशीत गॅमा बनतो तिच्यात मोकळा अल्फा कमी साचतो, म्हणून ती मज्जेत मरत नाही आणि बाहेर पोचते. सहा महिन्यांनी हिमोग्लोबिन ८.८ झालं, प्लीहा एक बोट कमी. रक्त चढवायची वेळ आलेली नाही.

वडील मोबाईलवर वाचून आले होते, म्हणाले जीन बदलायची ट्रीटमेंट निघालीय ती मिळंल का. निघालीय हे खरं. मोठ्या माणसात गॅमा बंद ठेवायचं काम बीसीएल११ए नावाचं प्रोटीन करतं, २००८ च्या आसपास हे कळलं, ते गॅमाच्या प्रमोटरवर उणे ११५ ला बसतं, उणे २०० ला दुसरं एक, एलआरएफ. ज्यांच्यात या जागांची अक्षरं जन्मतःच बदललेली असतात त्यांचा एचबी एफ आयुष्यभर वर राहतो आणि त्यांना काही त्रास होत नाही, निसर्गानं दाखवलेली वाट हीच. बीसीएल११ए चा स्वतःचा एक एन्हान्सर (जीनचा जोर वाढवणारा तुकडा) त्याच्या दुसऱ्या इंट्रॉनमध्ये आहे, तो फक्त लाल पेशींच्या वंशात लागतो, तिथली गाटा१ बसायची जागा क्रिस्पर या डीएनए कापायच्या तंत्रानं कापली की लाल पेशीत बीसीएल११ए कमी होतं आणि गॅमा परत चालू होतो, बाकीच्या पेशींना धक्का नाही. कॅसजेव्ही नावानं याला नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनमध्ये पहिली मंजुरी मिळाली. पण ती मंजुरी १२ वर्षं आणि त्यापुढच्यांसाठी, रक्त चढवण्यावर अवलंबून असलेल्यांसाठी होती, आधी कडक केमो द्यावी लागते आणि अमेरिकेत तेव्हा जाहीर झालेली किंमत २२ लाख डॉलर. या मुलीला आज त्याची गरजही नाही हे सांगितल्यावर त्यांचा चेहरा जरा सैल झाला.

खरी तातडी वेगळीच होती. त्यांना दुसरं मूल हवं होतं, आणि बाप नॉर्मल म्हणजे धोका नाही असं त्यांना आधी सांगितलेलं. धोका दर गरोदरपणात २५ टक्के, पहिल्या वेळेइतकाच. वर्षभरात दिवस गेले तेव्हा पुण्याला ११ व्या आठवड्यात सीव्हीएस (वारेचा छोटा तुकडा घेऊन गर्भाचा डीएनए तपासणं) केलं, दोन्ही म्युटेशन माहीत असल्यामुळं बघायचं काय ते ठरलेलं होतं. बाळात वडलांचं +१ आलं, आईचं आलं नाही. म्हणजे आजोबांसारखं.

धाकट्या दिराचं लग्न ठरत होतं, त्याच्यातही +१ निघालं. मुलीकडच्यांना सांगायचं का यावर घरात दोन दिवस वाद झाला आणि शेवटी आत्यांनीच सांगितलं. त्या होणाऱ्या नवरीची सीबीसी आणि एचपीएलसी केली, एमसीव्ही ८७, ए२ २.६. चुलत सासरे म्हणाले हिचंपण सिक्वेन्सिंग करू की, आता इतकं केलंय तर. मी नको म्हटलं, कारण जड म्युटेशन असतं तर याच दोन टेस्टमध्ये दिसलं असतं, आणि समजा तिच्यातही एखादं सायलेंट असलंच तरी दोन सायलेंट मिळून होणारं मूल फार तर थोडं ॲनिमिक राहील, त्याला या मुलीसारखा त्रास व्हायचं कारण नाही. साखरपुडा विट्याला झाला.